जाळीबाहेरची खुर्ची

मंगफ, कुवेत
शुक्रवार, ९ मे २०२५

तीर्थरूप दादा,

नमस्कार. फोन तू उचलत नाहीस, मेसेजला निळ्या खुणा येतात आणि पुढे काही नाही, म्हणून हा जुना मार्ग धरला. माझ्या ऑफिसातला जयदीप देवळालीचा आहे, तो उद्या सुट्टीवर निघतोय. त्याच्या हाती हे पत्र आणि खजुराचा डबा देतोय. खजूर तू खाऊ नकोस हवं तर, सुनंदावहिनींना दे. पत्र मात्र वाच. पेपर तपासताना तू अगदी ढ पोराचाही शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचास आणि मगच भोपळा द्यायचास. तेवढी सवलत मला दे.

काम आहे म्हणून लिहितोय, हे आधीच कबूल करतो. जुईलीची बारावी झाली. निकाल येईलच, पोरगी हुशार आहे, माझ्यावर गेलेली नाही. तिला आर्किटेक्चर करायचंय आणि तेही नाशिकला. पुणं नको, मुंबई नको. का, तर म्हणते, “आजीचं गाव आहे.” हॉस्टेलच्या फॉर्मवर स्थानिक पालक म्हणून कुणाची तरी सही लागते. नाशिकमध्ये माझं माणूस म्हणजे तू. बोलत नसलास तरी तूच.

तू तिला शेवटचं पाहिलंस तेव्हा ती नऊ वर्षांची होती, आईच्या वेळी तिला इथेच शेजाऱ्यांकडे ठेवून आलो होतो. आता माझ्या खांद्याला लागते. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत येतं, रागावली की मात्र मराठीत येतं, तेवढ्यावरून ओळखायचं. अबोल आहे. आधी अशी नव्हती. पूर्वी इथे बेसबॉल खेळायची, शुक्रवारी इथे सुट्टी, म्हणून शुक्रवार-शुक्रवार आम्ही तिच्यामागे मैदानावर असायचो. ते सोडून आता सहा वर्षं झाली. मुलांचं असंच असतं, आज एक उद्या दुसरं. तिचा तो चामड्याचा मोठा हातमोजा शीलाने माळ्यावर टाकला, मी तो खाली काढायला कधी गेलो नाही.

आईचा विषय मी काढणार नव्हतो. पण तुला लिहायचं आणि तो काढायचा नाही, हे काही जमत नाही. आई इथे आमच्याकडे आली आणि पेटीतून परत गेली, हे तू मला माफ करावंस असं मी म्हणत नाही. बाथरूमची फरशी ओली होती, आई घसरली, बेसिनची कड कानावर लागली. शीलाने फरशी पुसली नव्हती, हे तू आणि वहिनींनी गेली सहा वर्षं धरून ठेवलंय. तेराव्याला भर पंगतीत वहिनी तिला जे बोलल्या ते तिने ऐकून घेतलं. त्यानंतर ती नाशिकला आलेली नाही. मी त्यात काही नवीन सांगत नाही. एवढंच म्हणतो, तो राग पोरीपर्यंत नेऊ नकोस. एक सही कर.

तब्येतीची काळजी घे. गुडघ्याचं काय झालं ते जयदीपला तोंडी सांगितलंस तरी मला कळेल.

तुझा,
शशिकांत

•

मंगफ
शुक्रवार, ३० मे २०२५

दादा,

तुझं उत्तर आलं. माझ्या फोनवर नाही, शीलाच्या फोनवर, तेही वहिनींच्या नावाने. पण वाक्यं तुझी होती, ती मी ओळखली. “पोरीला पाठवावे. सही करतो. सुट्टीला ती या घरी राहील. तिच्या आईने मात्र या घरात पाय ठेवू नये.”

शीलाने ते वाचलं, “बरं झालं, पोरीची सोय झाली,” म्हणाली आणि कणीक मळायला लागली. फोन ओट्यावर तसाच उघडा राहिला. जुईली पाणी प्यायला आली आणि तिने तो वाचला.

मग ती माझ्याकडे आली. “काका आईवर का रागावलेत?” मी म्हणालो, जुनं आहे, मोठ्यांचं असतं काही काही. ती हलेना. शेवटी मी सांगितलं की, आजी बाथरूममध्ये पडली ना, त्यात आईची चूक झाली असं त्यांना वाटतं. तिने हातातला ग्लास खाली ठेवला. म्हणाली, “कुठलं बाथरूम, बाबा?”

दादा, आई बाथरूममध्ये पडली नाही. आमच्या बाथरूमची फरशी त्या दिवशी कोरडी ठणठणीत होती. शीलाच्या राज्यात ती कधी ओली नसतेच.

जुईली म्हणाली, “तुम्ही लिहिता की मी लिहू?” हे सगळं मराठीत म्हणाली. म्हणून लिहितोय. कुरियरने पाठवतोय, जयदीपसारखं कुणी जाणारं मिळेपर्यंत थांबलो तर मी पुन्हा कच खाईन.

२०१९ चा जानेवारी. शुक्रवार, सकाळी जुईलीच्या टीमची फायनल होती. आई येऊन तीन आठवडे झाले होते आणि नातीचा खेळ बघायचा म्हणून स्वेटर, शाल, कानाला मफलर अशी सकाळी सातलाच तयार होऊन बसली होती. शीलाने पोहे बांधून घेतले. शाळेचं मैदान, कडेला घडीच्या खुर्च्या, बारा वर्षांची पोरं. बेसबॉलमध्ये बॅट घेऊन उभं राहणाऱ्याच्या मागे एक उंच तारेची जाळी असते. पाहुण्यांनी तिच्या मागे बसायचं. जाळी संपली की दोन्ही बाजू उघड्या.

आपण क्रिकेटवाले. आपल्या डोक्यात पक्कं बसलंय की चेंडू जोरात जातो तो समोर, आणि बाजूला-मागे जातो तो बॅटची कड घेऊन, दम गेलेला. बेसबॉलमध्ये तसं नसतं. बॅट गोल असते. चेंडू नीट बसला नाही की तो तिरका सुटतो आणि वेग कमी होत नाही. त्याला फाउल म्हणतात. एका सामन्यात असे वीस-पंचवीस सहज जातात. ज्यांना ठाऊक आहे ते पालक चेंडू टाकायच्या वेळी बोलणं थांबवून बघत असतात. आम्ही तीन वर्षं सामने बघत होतो, पण जाळीमागे, आणि निम्मं लक्ष डब्यात. मी फाउलला “फोर!” म्हणून टाळ्या वाजवायचो. लोक हसायचे, मलाही मजा वाटायची.

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं तुला माहीतच आहे. ती म्हणाली, “शशी, या जाळीतून मला सगळं चौकोन चौकोन दिसतंय रे. आपली पोर कुठली तेच कळेना.” मी उठलो, तिची खुर्ची उचलली आणि जाळीच्या टोकापलीकडे नेऊन ठेवली. चार पावलं, जास्त नाही. आई म्हणाली, “आता कशी छान दिसतेय.” मी पोह्यांची वाटी तिच्या हातात दिली.

जुईली बॅटिंगला आली. तिसरा चेंडू. आई वाटीत बघत होती, शेंगदाणे बाजूला काढत होती. मला आवाज आला तो बॅटचा आणि लगेच दुसरा. मग वाटी पडली.

हो, तो जुईलीने मारलेला चेंडू होता. कानाच्या वर लागला. तू नाशिकला तिला आंघोळ घातलीस तेव्हा जो काळा-निळा डाग पाहिलास तो बेसिनचा नव्हता.

चेंडू लागला तेव्हा दहा वाजले होते. आई शुद्धीत होती, बोलत होती, हसलीसुद्धा. हॉस्पिटलमध्ये पोचलो तेव्हा पावणेबारा झाले होते. तिथे त्यांनी काही कमी ठेवलं नाही. मेंदूत रक्त साचलं होतं. तिसऱ्या दिवशी पहाटे गेली.

बाथरूमची गोष्ट शीलाने काढली. कंपनीचा मंदूब, म्हणजे सरकारी कागदपत्रांसाठी धावपळ करणारा आमचा माणूस, पेटी विमानाने न्यायच्या शिक्क्यांसाठी आत गेला होता आणि आम्ही दोघं बाहेर बाकावर बसलो होतो. तुला फोन करून “आई गेली” एवढंच सांगितलं होतं, कशाने ते नव्हतं सांगितलं. शीला म्हणाली, “जुईलीचं नाव निघालं तर पोर जन्मभर ऐकत राहील. लग्नात ऐकेल, बारशात ऐकेल. आजीला मारणारी म्हणतील. बाथरूममध्ये पडल्या म्हणून सांगा. माझ्या नावावर जाऊ दे.” मी म्हणालो, तुला बोलतील. ती म्हणाली, “मी मोठी आहे.”

आणि मी तुला फोन लावला. बाराव्या मिनिटाला तू शीलाचं नाव घेऊन रडत होतास आणि मी “हो दादा, हो दादा” म्हणत होतो.

आता तुला कळलं. जुईलीला काही म्हणू नकोस. लहान होती. चूक कुणाची असेलच तर खुर्ची हलवणाऱ्याची. आणि शीलाच्या बाबतीतलं ते वाक्य मागे घे, एवढी विनंती.

शशिकांत

•

मंगफ
शुक्रवार, १८ जुलै २०२५

दादा,

जयदीप परत आला तेव्हा त्याने तुझी चिठ्ठी दिली, त्याला तीन आठवडे झाले. फुलस्केपचा अर्धा कागद आणि त्यावर दोनच ओळी. “चेंडू दहाला लागला. इस्पितळ पावणेबाराला. मधे काय केलेत?”

तीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाला पत्र लिहिताना आकडे टाकू नयेत. चिठ्ठी खिशात घेऊन मी तीन आठवडे कामावर जातोय.  उत्तरं बरीच तयार केली. शुक्रवारची वाहतूक, हे एक. अॅम्ब्युलन्स उशिरा आली, हे दुसरं. पहिलं खोटं आहे, शुक्रवारी सकाळी इथे रस्त्यावर कुत्रंही नसतं. दुसरंही खोटं, अॅम्ब्युलन्स बोलावलीच नव्हती. हॉस्पिटल मैदानापासून गाडीने अकरा मिनिटांवर होतं.

मधे आम्ही सामना बघितला.

असं लिहिलं की किती सोपं वाटतं. झालं ते असं. चेंडू लागला तशी आई एका बाजूला कलली, मी तिला सावरलं. कोच झैद बर्फ घेऊन पळत आला. “हॉस्पिटल, नाऊ,” म्हणाला. मी म्हणालो, येस येस. कानाच्या वर बघता बघता टेंगूळ आलं, लिंबाएवढं. आणि दादा, मला हायसं वाटलं. लहानपणी तू आंब्यावरून पडलास तेव्हा आई काय म्हणाली होती? टेंगूळ आलं ना, मग भीती नाही, मार बाहेर निघाला, आत राहिला असता तर वाईट. पन्नास लाखांच्या पंपात कुठे केसाएवढी चीर गेली तर मी ती शोधून काढतो, दादा, त्याचाच पगार घेतो. आणि आईच्या डोक्यावर बर्फ धरून मी म्हणत होतो, मार बाहेर निघाला. आईही तेच म्हणाली. “टेंगूळ आलंय, आता काही होत नाही.”

जुईली बॅट टाकून तिथेच उभी होती. पांढरीफटक.  आईने तिला हात केला, “खेळ गं, खेळ. मला काही झालं नाही.” आणि मला म्हणाली, “आपण उठलो तर पोर घाबरेल. तिचा डाव होऊ दे.” ते मला पटलं. आता निघून गेलो तर पोरीच्या मनात कायमचं बसेल की आपल्यामुळे आजीला लागलं. बसून राहिलो तर तिला वाटेल, काही विशेष नाही. मी खरंच असा विचार केला होता. मी काही राक्षस नाही.

पण सगळं खरं लिहायचंय तर हेही लिहितो. मला फायनल बघायची होती. आमची टीम पुढे होती.

शीला पहिल्या मिनिटाला म्हणाली, “आईंना घेऊन जाऊ.” मी म्हणालो, थांब जरा. दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा म्हणाली, “अहो, त्यांची गोळी चालू आहे ना रक्त पातळ करायची. डब्यावर दादांनी लिहिलंय, मार लागू देऊ नका.” मी चिडलो. चारचौघांत चिडलो. “तुला प्रत्येक गोष्टीत डॉक्टर लागतो. आई हसतेय, दिसत नाही का?” तिसऱ्यांदा ती गाडीची किल्ली मागायला आली. म्हणाली, “तुम्ही बसा, मी नेते.” मी किल्ली दिली नाही. सामना संपल्यावर सगळेच जाऊ म्हणालो.

आई टाळ्या वाजवत होती. मग हळू वाजवायला लागली. मग म्हणाली, “शशी, ऊन फार लागतंय का रे?” जानेवारीतलं ऊन, दादा. साडेअकराच्या सुमारास तिने शालीवर उलटी केली आणि मला म्हणाली, “सुभाष, घरी चल.” मला तुझं नाव दिलं. तेव्हा मी पळालो.

तिथल्या डॉक्टरने विचारलं, किती वाजता लागलं? मी दहा म्हणालो. त्याने घड्याळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं नाही. नंतर बाहेर येऊन म्हणाला, लगेच आणलं असतं तर औषध देऊन रक्त थांबवता आलं असतं, बऱ्यापैकी आशा होती. इंग्रजीत म्हणाला. शीला माझ्या शेजारी उभी होती. तिने माझा हात धरला. “मी सांगितलं होतं,” असं त्या दिवशी ती म्हणाली नाही. नंतर घरी म्हणाली नाही. भांडणात म्हणाली नाही, आणि भांडणं आमच्यात थोडी नाही झाली. सहा वर्षांत एकदाही नाही.

तुला वाटलं असेल, शीलाने खोटं स्वीकारलं ते पोरीसाठी. मीही तसंच तुला लिहिलं. बाकावर बसून ती बोलत होती तेव्हा मला कळत होतं की ती एकीला नाही, दोघांना झाकतेय. आणि मी झाकून घेतलं. तू फोनवर तिला शिव्या देत होतास, तेव्हा मला एक क्षण बरं वाटलं होतं, की यात माझं नाव नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. देवासमोरही नाही.

खरं तर इथवर लिहून पाकीट बंद करायचं होतं. पण मग लक्षात आलं की मी पुन्हा तेच करतोय. तुला खरं आणि घरात खोटं. जुईलीला तो पावणेदोन तासांचा हिशेब कधी कुणी सांगितलेलाच नव्हता. तिला काय माहीत होतं? आपण मारलेला चेंडू आजीला लागला आणि आजी मेली, एवढंच. उलटी, डॉक्टर, किल्ली, यातलं तिने काही पाहिलं नाही. सामन्यानंतर ती कप घेऊन मैत्रिणींबरोबर उभी होती आणि शेजारच्या चित्राने तिला घरी नेलं. आम्ही तिला म्हणायचो, “तुझी चूक नाही, बाळा.” पण का नाही, ते कधी सांगितलं नाही. मग तिने कशावर विश्वास ठेवावा? तिने खेळ सोडला. सहावीतल्या पोरीने रात्रीची झोप सोडली. शाळेच्या समुपदेशक बाईंकडे आम्ही तिला दोन वर्षं नेत होतो आणि मी बाहेर गाडीत बसून राहायचो. एक वाक्य होतं माझ्याकडे. ते मी दिलं नाही, कारण ते दिलं असतं तर तिने बाप म्हणून माझ्याकडे कसं पाहिलं असतं, याची मला भीती होती.

आज दुपारी जेवणं झाल्यावर हे वरचं सगळं तिच्या हातात दिलं. म्हणालो, काकांना पाठवायच्या आधी तू वाच. तिला माझं अक्षर वाचायला वेळ लागतो. मी समोर बसून होतो. शीला आत कपड्यांच्या घड्या घालत होती, तिला मी सांगितलं नव्हतं.

जुईलीने शेवटपर्यंत वाचलं. मग किल्लीचं जिथे आहे त्या पानावर परत गेली. विचारलं, “आईने तीनदा सांगितलं?”

“तीनदा.”

“आणि डॉक्टर म्हणाले की वाचली असती?”

“आशा होती म्हणाले.”

 मला वाटलं ओरडेल. ओरडावं असं वाटत होतं. कागद नीट जुळवून तिने माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाली, “मी बारा वर्षांची होते, बाबा.”

एवढंच म्हणाली. उठली आणि आत शीलाकडे गेली. दार लोटून घेतलं. दोघींचा रडण्याचा आवाज येत होता. मी आत गेलो नाही, मला आत जागा नव्हती.

आता तासाभराने हे लिहितोय. दादा, दहा ऑगस्टला जुईली येतेय. तिला पोचवायला शीला येईल, मी येणार नाही. शीलाने स्वतः काही मागितलेलं नाही, मागणारही नाही. ती हॉटेलात उतरते म्हणतेय. तू स्टेशनवर जा. वहिनींना घेऊन जा. दोघींना घरी ने, आणि शीलाला काही विचारू नकोस, माफीही मागू नकोस, ती कानकोंडी होईल. फक्त आईच्या खोलीत तिचं अंथरूण घाल.

माझ्याशी बोलायचं की नाही ते तुझं तू ठरव. आई शेवटी तुला हाक मारत होती, मी तिथे होतो.

शशी